प्राप्तिकराला घटनेचा आधार कोणता, आणि निषेध म्हणून तो नाकारता येतो का?

आपल्या प्रश्नाचा आशय आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे हे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. आपण नोकरदार आहात आणि दरमहा पगारातून आपला प्राप्तिकर कापला जातो. सार्वजनिक पैशाची उधळपट्टी आणि भ्रष्टाचार पाहून आपण उद्विग्न झाला आहात, आणि यंदापासून विवरणपत्र न भरता ‘निषेध म्हणून मी कर देणार नाही’ असे पत्र प्राप्तिकर विभागाला पाठवण्याचा आपला विचार आहे. त्यासाठी आपण चार आधार दिले आहेत. राज्यघटनेतील मूलभूत कर्तव्यांत कर भरण्याचा उल्लेख नाही. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही आणि पगारावर आहे, ही विषमता आहे. पगार हा श्रमाचा मोबदला असल्यामुळे तो उत्पन्न ठरत नाही, असे अमेरिकेतील काही व्याख्यानांत आपण ऐकले आहे. आणि भ्रष्टाचार थांबत नसेल तर लोकांनी कर नाकारावा, असे खुद्द उच्च न्यायालयाने म्हटले होते.

प्राप्तिकराच्या वादांत करदात्यांच्या बाजूने उभे राहणे हाच माझा व्यवसाय आहे, त्यामुळे विभागाची वकिली करण्यासाठी मी हे लिहीत नाही, हे आपण ध्यानात घ्यावे. आपल्या चारही मुद्द्यांच्या मुळाशी खरा प्रश्न एकच आहे, असे मला वाटते. सरकारला माझ्या कमाईतून पैसा घेण्याचा अधिकार कोठून मिळतो, आणि त्या अधिकाराची हद्द ओलांडली गेली तर माझ्या हाती काय उरते? माझे उत्तर असे, की राज्यघटनेने नागरिकाला कर नाकारण्याचा अधिकार दिलेला नाही. परंतु कायद्याने ठरवलेल्या रकमेपेक्षा एक रुपयाही अधिक न देण्याचा अधिकार मात्र निःसंदिग्धपणे दिला आहे. जो विवरणपत्रच भरत नाही, तो हा दुसरा अधिकार स्वतःच्या हाताने दुबळा करतो. ते कसे, हे पुढे सांगतो.

प्रथम घटनेतील तरतुदी पाहू. अनुच्छेद २६५ एका वाक्याचा आहे. कायद्याच्या अधिकाराखेरीज कोणताही कर बसवला जाणार नाही किंवा वसूल केला जाणार नाही, एवढेच तो सांगतो. हे वाक्य नागरिकावर बंधन घालत नाही, ते शासनावर घालते. कर बसवण्याचा प्रत्यक्ष अधिकार अनुच्छेद २४६ आणि सातव्या अनुसूचीतून येतो. संघ सूचीतील नोंद ८२ ही कृषी उत्पन्नाखेरीज अन्य उत्पन्नावरील करांची आहे, म्हणजे तो विषय संसदेचा. राज्य सूचीतील नोंद ४६ ही कृषी उत्पन्नावरील करांची आहे, म्हणजे तो विषय विधिमंडळाचा. संसदेने या अधिकाराखाली चालवलेला कायदा म्हणजे १९६१ चा प्राप्तिकर कायदा, आणि १ एप्रिल २०२६ पासून त्याच्या जागी आलेला २०२५ चा प्राप्तिकर कायदा. आधीच्या वर्षांच्या उत्पन्नाला जुनाच कायदा लागू राहतो, आणि सध्याचे बहुतेक वाद त्याच वर्षांचे असल्यामुळे खाली मी १९६१ च्या कायद्यातील कलमांचे क्रमांक देत आहे.

येथे एक बारकावा आहे, ज्याकडे सहसा कोणी पाहत नाही. १९६१ च्या कायद्यातील कलम ४ हे कर आकारणारे कलम आहे, परंतु ते एकटे उभे राहत नाही. त्या वर्षासाठी अमुक दराने कर आकारला जाईल असे संसदेने स्वतंत्र कायद्याने म्हटले पाहिजे, अशी त्याची रचना आहे, आणि तो स्वतंत्र कायदा म्हणजे दरवर्षीचा वित्त कायदा. अर्थात प्राप्तिकराला लोकप्रतिनिधींची संमती एकदाच, १९६१ साली, घेऊन ठेवलेली नाही; दर वर्षी ती नव्याने घ्यावी लागते. वित्त विधेयक लोकसभेत मांडावे लागते. ते धन विधेयक असल्यामुळे राज्यसभा त्यावर केवळ शिफारशी करू शकते, आणि त्याही १४ दिवसांत. कराच्या दराविषयी, अधिभाराविषयी, सवलतींविषयी ज्याला निषेध नोंदवायचा आहे, त्याच्यासाठी खरी वेळ फेब्रुवारी ते मार्च ही असते, आणि नेमक्या त्या काळात आपल्या खासदाराला पत्र लिहिणारा करदाता मला फार क्वचित भेटला आहे.

आता मूलभूत कर्तव्यांचा मुद्दा. आपले म्हणणे वस्तुस्थिती म्हणून अगदी बरोबर आहे. अनुच्छेद ५१क मध्ये कर भरण्याचे कर्तव्य नाही. ४२ व्या घटनादुरुस्तीपूर्वी, १९७६ साली, स्वर्णसिंह समितीने कर भरणे हे मूलभूत कर्तव्य असावे अशी शिफारस केली होती आणि ती स्वीकारली गेली नाही, हेही खरे आहे. परंतु त्यावरून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. अनुच्छेद ५१क मधील कर्तव्ये न्यायालयातून थेट बजावून घेता येत नाहीत; उलट प्राप्तिकराचे दायित्व संसदेच्या कायद्यातून निर्माण होते आणि ते वसूल करण्याची संपूर्ण यंत्रणा त्याच कायद्यात आहे. चोरी करू नये हेही ५१क मध्ये लिहिलेले नाही. कर्तव्यांच्या यादीत एखादी गोष्ट नसणे याचा अर्थ कायद्याने ती बंधनकारक करता येत नाही, असा होत नाही.

‘मला सेवा मिळत नाहीत, मग मी कर का द्यावा’ हा आपल्या पत्रातील सूर मला मनापासून समजतो. मात्र याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९५४ सालीच, शिरूर मठाच्या प्रकरणात, देऊन ठेवले आहे. कर म्हणजे सार्वजनिक प्रयोजनासाठी कायद्याच्या बळावर सक्तीने घेतलेला पैसा; तो दिलेल्या सेवेचा मोबदला नव्हे, आणि शुल्क व कर यांतील फरक नेमका येथेच आहे, असे तेथे सांगितले आहे. शुल्क आकारले आणि बदल्यात काहीच सेवा दिली नाही, तर शुल्काला आव्हान देता येते. प्राप्तिकराच्या बाबतीत हा युक्तिवाद उभाच राहत नाही. अनुच्छेद २६६ प्रमाणे हा पैसा संचित निधीत जातो आणि तेथून तो संसदेने संमत केलेल्या विनियोजनानेच बाहेर पडतो. खर्च चुकीचा झाला तर जाब विचारण्याची जागा नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल, लोकलेखा समिती, माहितीचा अधिकार आणि जनहित याचिका ही आहे. करनिर्धारण अधिकाऱ्यापुढे खर्चाचा विषय काढून काही साधत नाही, कारण त्याच्या कक्षेत तो येतच नाही.

खर्चाच्या कारणावरून कर नाकारण्याचा प्रश्न घटनेत एकाच ठिकाणी डोकावतो, तो अनुच्छेद २७ मध्ये. ज्या कराचे उत्पन्न विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी किंवा पोषणासाठी खास राखून ठेवलेले आहे, असा कर देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. हज अनुदानाच्या विरोधात हाच आधार घेऊन केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली प्रफुल्ल गोराडिया प्रकरणात फेटाळली. एकूण कराचा मोठा हिस्सा जर एखाद्या धर्मासाठी वापरला गेला तरच या अनुच्छेदाचा भंग होईल, तुलनेने अल्प रकमेने तो होत नाही, अशी त्यामागची भूमिका होती. धर्माच्या बाबतीतही जेथे कसोटी इतकी कडक आहे, तेथे खर्चाविषयीच्या सर्वसाधारण नाराजीला घटनेचा आधार मिळेल, अशी आशा मी कोणाला दाखवू शकत नाही.

शेतीचा मुद्दा वेगळा आहे आणि त्यावर जरा थांबायला हवे, कारण नोकरदारांच्या मनातील सल बहुधा हाच असतो. समानतेचा हक्क देणारा अनुच्छेद १४ हा करकायद्यांनाही लागू होतो, याविषयी शंका नाही. १९६० साली मूपिल नायर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्रावणकोर-कोचीनचा जमीन कर कायदा याच कारणाने रद्द केला. जमिनीतून उत्पन्न किती निघते हे न पाहता सर्व जमिनींवर एकरी सरसकट सारखाच कर लावला होता, आणि अनुच्छेद २६५ पाळला म्हणजे मूलभूत हक्कांची कसोटी टळते, हा सरकारचा दावा न्यायालयाने मानला नाही. त्याही आधी, १९५४ साली, सूरजमल मोहता प्रकरणात प्राप्तिकर चौकशी आयोगाच्या कायद्यातील एक पोटकलम समानतेचा भंग करते म्हणून रद्द झाले होते. म्हणजे समानतेचे शस्त्र बोथट नाही. ते केव्हा चालते, हे मात्र कळले पाहिजे.

शेतीच्या उत्पन्नाविषयी संसदेने पक्षपात केला असे म्हणता येत नाही, कारण त्या उत्पन्नावर कर बसवण्याचा अधिकारच संसदेला नाही. तो राज्यांना आहे, आणि राज्यांनी तो वापरावा की नाही हा त्यांचा निर्णय आहे. दोन वेगवेगळ्या विधिमंडळांच्या कायद्यांची तुलना करून अनुच्छेद १४ खाली विषमता सिद्ध करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली मध्य प्रदेश राज्य विरुद्ध मंडावर या प्रकरणात स्पष्ट केले. शिवाय शेती आणि अन्य उत्पन्न दोन्ही असणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत, शेतीचे उत्पन्न केवळ दर ठरवण्यापुरते एकत्र धरण्याची पद्धत १९७३ पासून आहे. मोठे बागायतदार आणि शेतीच्या नावाखाली अन्य उत्पन्न दाखवणारे यांच्याविषयी आपला राग असेल तर तो मला अस्थानी वाटत नाही. राज्य सूचीतील नोंद ४६ चा वापर व्हावा, ही मागणी राजकीय आहे, पूर्णपणे घटनासंमत आहे आणि ती जोरात मांडली पाहिजे. मात्र शेजाऱ्यावर कर नाही म्हणून माझाही माफ करा, हा निष्कर्ष तिच्यातून काढता येत नाही.

पगार हे उत्पन्नच नव्हे, हा युक्तिवाद अमेरिकेतून आला आहे आणि तेथेही तो टिकलेला नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत प्रत्यक्ष कर राज्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून बसवावा अशी अट आहे. त्या अटीमुळे १८९५ साली पोलॉक प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने प्राप्तिकर कायदा अवैध ठरवला, आणि म्हणून १९१३ साली सोळावी घटनादुरुस्ती करावी लागली. १९१६ च्या ब्रशेबर निकालाने नवा कर वैध ठरला. या इतिहासामुळे तेथे ‘प्राप्तिकर घटनाबाह्य आहे’ असे सांगणाऱ्यांना निदान एक धागा सापडतो. आपल्या घटनेत तशी वाटणीची अट नाही, दुरुस्तीच्या वैधतेचा वाद नाही आणि नोंद ८२ पहिल्या दिवसापासून आहे. तेथील युक्तिवाद येथे आणून लावण्याला काही अर्थ नाही.

उत्पन्न या संज्ञेचा आवाका किती, हा वाद आपल्याकडे मुंबईच्याच एका करदात्याच्या प्रकरणात निकाली निघाला. भांडवली नफ्यावर १९४७ साली कर बसला, तेव्हा भांडवली नफा हे उत्पन्न नव्हे म्हणून तो कर बसवण्याचा अधिकारच विधिमंडळाला नाही, असा दावा नवीनचंद्र मफतलाल यांनी केला. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की विधिमंडळाला अधिकार देणाऱ्या नोंदीतील संज्ञांचा अर्थ शक्य तितका व्यापक घेतला पाहिजे. जेथे भांडवली नफाही या नोंदीत बसतो, तेथे पगार बसत नाही असे कोण म्हणेल? कायद्यात ‘पगार’ हे उत्पन्नाच्या शीर्षांपैकी पहिले शीर्ष आहे. पगारातून व्यवसाय करही कापला जातो, मग एकाच पैशावर दोन कर कसे, असे आपण ओघात विचारले आहे. अनुच्छेद २७६ ने त्या राज्य कराला वेगळी मुभा दिली आहे आणि वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादाही घातली आहे.

उरला उच्च न्यायालयाचा मुद्दा. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने लोकशाहीर अण्णाभाऊ साठे विकास महामंडळातील गैरव्यवहाराच्या एका प्रकरणात, भ्रष्टाचार असाच चालू राहिला तर नागरिकांनी असहकार करून कर नाकारावा, अशा आशयाचे उद्गार काढले होते, हे खरे आहे. ते उद्गार तळमळीचे होते आणि मीही ते गांभीर्याने वाचले. परंतु न्यायालयापुढे तेव्हा प्राप्तिकराच्या वैधतेचा प्रश्न नव्हता. निर्णयासाठी आवश्यक नसलेले असे मतप्रदर्शन कायद्याचा दंडक ठरत नाही, आणि त्याच्या आधारावर मागणी रद्द करून घेता येत नाही.

या संदर्भात बारडोलीचे नाव हमखास घेतले जाते. तो सत्याग्रह नेमका कशासाठी होता, हे पाहण्यासारखे आहे. १९२८ च्या या सत्याग्रहापूर्वी मुंबई इलाख्याच्या सरकारने तेथील शेतसारा जवळपास २२ टक्क्यांनी वाढवला होता. वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखालील शेतकऱ्यांची मागणी सारा कायमचा माफ करा अशी नव्हती. वाढीची निःपक्षपाती चौकशी करा, अशी होती. ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल यांची चौकशी झाली आणि वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली. म्हणजे ज्या लढ्याचा दाखला कर नाकारण्यासाठी दिला जातो, तो लढा मुळात आकारणी चुकीची आहे हे सिद्ध करण्याचा होता. आणि त्या शेतकऱ्यांनी जप्त्या सोसल्या, कारण आकारणीविरुद्ध दाद मागण्याची निःपक्षपाती व्यवस्था परक्या सरकारने त्यांना ठेवलीच नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात हाच भेद दाखवला. घटनात्मक मार्ग उपलब्ध नसताना असहकार आणि सत्याग्रहाचे समर्थन करता येईल, पण ते मार्ग खुले झाल्यावर नाही, अशी त्यांची भूमिका होती. ती न पटणारे लोक आहेत आणि तो विवेकाचा प्रश्न आहे. ज्याला विवेकाच्या हाकेने कर नाकारायचा आहे, त्याने परिणाम स्वीकारून तो नाकारावा. घटना आपल्या बाजूने आहे, या समजुतीने मात्र नाकारू नये.

परिणाम किती गंभीर, हे परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि येथे मी सरसकट विधान करणार नाही. आपण केवळ पगारदार असाल आणि संपूर्ण कर टीडीएसने कापला गेला असेल, तर आपल्या निषेधाने सरकारचे काहीच अडत नाही. कर आधीच पोहोचलेला असतो. कंपनीला कर कापू नका असे सांगण्याचा उपयोग नाही, कारण कलम १९२ चे बंधन कंपनीवर आहे आणि कर न कापल्यास कंपनीच अडचणीत येते. उलट जादा कर कापला गेला असेल तर परतावा विवरणपत्राविना मिळत नाही, त्यामुळे निषेध करणारा प्रत्यक्षात कायद्याने ठरवलेल्या रकमेपेक्षा अधिक कर देऊन बसतो. पगाराबरोबर घरभाडे, शेअर किंवा जोडव्यवसायाचे उत्पन्न असेल आणि कर बाकी निघत असेल, तर कलम २३४अ खाली दरमहा एक टक्का व्याज, २३४फ खालील शुल्क आणि पुढे दंड, अशी साखळी सुरू होते. शेअरमधील तोटा पुढील वर्षांत ओढायचा असेल तर मुदतीत विवरणपत्र भरलेलेच असावे लागते.

फौजदारी बाजू अधिक नाजूक आहे. कलम २७६सीसी हेतुपुरस्सर विवरणपत्र न भरण्याबद्दल आहे. टीडीएस आणि आगाऊ कर (वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायचा कर) वजा जाता देय कर १०,००० रुपयांहून अधिक नसेल तर मूळ मुदत चुकल्याबद्दल खटला होत नाही, ही सवलत आहे. परंतु विभागाने नोटीस देऊन विवरणपत्र मागितले आणि तेही भरले नाही, तर या सवलतीचा आधार राहत नाही. आपण पाठवू इच्छिता ते निषेधाचे पत्र येथे थेट आपल्याविरुद्ध जाते. विस्मरण, आजारपण, सल्लागाराची चूक अशी कारणे देऊन हेतू नव्हता असे सांगता येते. स्वतःच्या सहीचे पत्र असेल तर हेतू सिद्ध करण्याचे काम आपणच करून दिलेले असते. त्यातच कलम २७८ई नुसार आरोपीचा दोषी हेतू गृहीत धरला जातो आणि तो नव्हता हे आपल्याला सिद्ध करावे लागते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली चीक प्रकरणात हाच भेद केला आहे. किचकट कायदा प्रामाणिकपणे चुकीचा समजला असेल तर हेतू नव्हता असे म्हणता येईल. परंतु कायदाच घटनाबाह्य आहे हे मत बचाव ठरत नाही, कारण ते मत असणाऱ्याला कायदा काय सांगतो हे नीट ठाऊक असते.

सर्वांत मोठे नुकसान मात्र अपिलाच्या वेळी कळते. माझ्याकडे आलेल्या एका छोट्या व्यावसायिकाने तत्त्व म्हणून विवरणपत्रे भरणे बंद केले होते. त्याच्या बँक खात्यात वर्षभर जमा झालेली रक्कम कलम १४४ खाली, म्हणजे विवरणपत्र नसताना अधिकाऱ्याने स्वतःच्या अंदाजाने करायच्या आकारणीत, उत्पन्न म्हणून धरली गेली. मालाची खरेदी, दुकानाचे भाडे, कामगारांची मजुरी यांपैकी काहीही वजा झाले नाही, कारण ते सांगणारे कोणतेही कागद विभागापुढे नव्हते. प्रत्यक्ष नफा त्या रकमेच्या अगदी लहान भागाएवढा होता. ही आकारणी चुकीचीच होती, आणि तिच्याविरुद्ध अपील करायला गेल्यावर कलम २४९(४) आडवे आले. विवरणपत्र भरले नसेल तर आगाऊ करापोटी देय होणारी रक्कम भरल्याशिवाय अपील दाखल करून घेतले जात नाही. सबळ कारण असल्यास अपील ऐकणारे आयुक्त सूट देऊ शकतात, पण तत्त्व म्हणून भरले नाही हे सबळ कारण ठरत नाही. ज्याच्या बाजूने अनुच्छेद २६५ ठामपणे उभा राहिला असता, त्याला दारातच आधी पैसे भरावे लागले.

येथपर्यंत जे सांगितले त्यातून मार्ग असा दिसतो, की निषेध कराचा न करता चुकीच्या मागणीचा करावा. विवरणपत्र मुदतीत भरावे, त्यात आपला दावा स्पष्ट घ्यावा, आणि विभागाने तो नाकारला तर लढावे. फॉर्म २६एएस आणि वार्षिक माहिती पत्रक (आपल्या नावे कापलेला कर आणि नोंदलेले व्यवहार दाखवणारी विभागाची पत्रके) यांतील आकडे चुकीचे असतील तर ते तसेच स्वीकारू नयेत. एखादी सवलत मागायची राहिली असेल तर मुदतीत सुधारित विवरणपत्र भरावे. मुदत गेली असेल तर कलम २६४ खाली पुनरीक्षणाचा अर्ज करता येतो. अशा वेळी ११ एप्रिल १९५५ चे केंद्रीय महसूल मंडळाचे (आजच्या केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या पूर्वरूपाचे) परिपत्रक मी आजही जोडतो. करदात्याच्या अज्ञानाचा फायदा अधिकाऱ्यांनी घेऊ नये, त्याला मिळणारी सवलत त्याला दाखवून द्यावी, असे त्यात लिहिले आहे, आणि अनुच्छेद २६५ शेजारी ठेवून ते वाचले की त्याचे वजन वाढते.

उदाहरण देतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली जमीन गेलेल्या एका गृहस्थांच्या मोबदल्यातून कर कापला गेला होता आणि त्यांनीही तो मोबदला विवरणपत्रात करपात्र म्हणून दाखवला होता. त्या कायद्याच्या कलम ९६ ने असा मोबदला प्राप्तिकरातून मुक्त आहे आणि २०१६ च्या परिपत्रकाने मंडळानेही ते मान्य केले आहे. करदात्याने स्वतःच कर कबूल केला होता, हे विभागाचे उत्तर होते. परंतु कायद्याने जो कर बसतच नाही तो करदात्याच्या कबुलीने बसत नाही, हा अनुच्छेद २६५ चा सरळ अर्थ आहे, आणि त्यावरच ते पैसे व्याजासह परत मिळाले. ज्या घटनेचे नाव घेऊन आपण कर नाकारू पाहता, तिच्यातील या अनुच्छेदाचा खरा उपयोग हा आहे.

मागणी मोठी असेल आणि ती अन्यायाची वाटत असेल, तर अपील दाखल करून कलम २२०(६) खाली वसुलीला स्थगिती मागावी. मंडळाच्या २०१७ च्या सूचनेनुसार साधारणपणे २० टक्के रक्कम भरल्यावर स्थगिती दिली जाते, परंतु प्रकरण पाहून त्याहून कमी रकमेवरही ती देता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एलजी इलेक्ट्रॉनिक्स प्रकरणात सांगितले आहे. त्यामुळे २० टक्के हा आकडा अंतिम समजून गप्प बसू नये. बँक खाते गोठवले जाण्याच्या भीतीने रक्कम भरावीच लागली, तर ती हरकत राखून भरत आहोत असे पत्र द्यावे. आयुक्तांपुढे हरलात तर अपिलीय न्यायाधिकरण आहे, आणि कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर उच्च न्यायालय. थेट रिट याचिकेचा मोह आवरावा. कायद्यात अपिलाची सोय असताना ती टाळून अनुच्छेद २२६ खाली जाऊ नये, असे छबिल दास अग्रवाल प्रकरणात २०१३ साली ठरले आहे. अधिकारक्षेत्रच नव्हते, बाजू मांडू दिली नाही किंवा कलमाच्या घटनात्मक वैधतेलाच आव्हान आहे, अशा वेळी मात्र तो मार्ग खुला असतो.

आपल्याला यापूर्वी एखादी नोटीस आली आहे का, हे आपण लिहिलेले नाही, आणि पुढील सल्ला त्यावरच अवलंबून आहे. आली असल्यास ती कोणत्या कलमाखाली आहे, कोणत्या वर्षाची आहे आणि तिच्यावर उत्तरासाठी कोणती तारीख दिली आहे, हे प्रथम पाहावे. नोटीस पोर्टलवर आणि नोंदवलेल्या ईमेलवर येते, म्हणून दोन्ही उघडून पाहावे. मागणीची नोटीस असेल तर आयुक्तांकडील अपिलाची ३० दिवसांची मुदत ती मिळाल्यापासून मोजली जाते, आणि निषेधाचे पत्र पाठवल्याने ती थांबत नाही.